खपली धरेपर्यंत

उत्तम गेला त्या सकाळी माझ्या घराच्या मागच्या ओट्यावर, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीवर, जेडचं एक जाड पानांचं झाड मुळांशिवाय आडवं पडलेलं होतं. रविवारी संध्याकाळी त्यानंच ते तसं ठेवलं होतं. कुंडीतून उपटलं, माती झटकली, सडलेली मुळं ब्लेडनं छाटली आणि मला दम दिला, "आता ह्याला हात लावायचा नाय, सर. पाणी तर दाखवायचं पण नाय. गुरुवारी मी येतो, मग दोघं मिळून लावू." बुधवारी सकाळी मी चहा घेत असताना सुनंदावहिनींचा, म्हणजे उत्तमच्या बायकोचा, फोन आला. मला वाटलं, उद्याचं काही पुढंमागं करायचं असेल. मी फोन उचलल्या उचलल्या म्हणालो, "त्याला सांगा, झाड छान सुकलंय, उद्या वेळेवर ये." मग त्या म्हणाल्या, "भावजी, हे उठंनात हो..."

माझ्या घरापासून छावणीतलं त्याचं घर स्कूटरवर दहा मिनिटांचं. त्या दहा मिनिटांत मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. शिव्या घालतोय तोवर तो आहे, असं कुठंतरी वाटत होतं. पोचलो तेव्हा शेजारचे डॉक्टर पायऱ्या उतरत होते. पहाटे झोपेतच गेला असावा, म्हणाले. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. समोर काही आलं की ते सोडवायला घ्यायचं, ही हाडात मुरलेली सवय. तिथं सोडवण्यासारखं काही नव्हतं. मी हेल्मेट हातात धरून दारात उभा राहिलो. कुणीतरी ते काढून घेतलं तेव्हा कळलं की आपण बराच वेळ तसेच उभे आहोत.

उत्तम ड्रेसर होता. शहरातल्या एका दवाखान्यात त्यानं उभी नोकरी जखमा धुण्यात आणि पट्ट्या बांधण्यात काढली. डॉक्टर सांगून पुढच्या खाटेकडं जातात; जखमेपाशी रोज बसायचं काम ड्रेसरचं. आमची ओळखही एका जखमेमुळंच झाली. माझ्या वडिलांना साखर होती आणि पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. वडील म्हणजे जमदग्नी. दोन ड्रेसर त्यांनी शिव्या देऊन पळवून लावले होते. हा तिसरा. ड्यूटी सुटल्यावर घरी यायचा. पहिल्या दिवशी दारातून आत आला, भिंतीवरचे फोटो बघितले, "जयभीम, बाबा" म्हणाला आणि सरळ त्यांच्या पायाशी फरशीवर मांडी घालून बसला. वडिलांनी निमूट पाय पुढं केला. तो स्वतः फुलंब्रीच्या पलीकडच्या एका गावातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. लहानपणी बापामागं मेंढरांच्या कळपातून फिरला होता, त्यामुळं चिडक्या जनावरांची त्याला सवय होती, असं तोच पुढं वडिलांच्या तोंडावर म्हणायचा आणि वडील हसायचे. माझ्या कोणत्याही बोलण्यावर ते कधी तसे हसल्याचं आठवत नाही. अडीच महिने तो रोज आला. अंगठा वाचला. वडील पुढं गेले ते वेगळ्याच आजारानं, पण दोन्ही पायांनी चालत. तेव्हापासून मला तो 'सर' आणि त्याला मी नुसता 'उत्तम'. वयानं तो माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान, पण 'अहो-जाहो' त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही आणि मला टोचून बोलणंही.

त्याचा हा जाड पानांच्या झाडांचा नाद सुरू झाला तोही दवाखान्यातूनच. छावणीतल्या लष्करी कुटुंबांच्या सारख्या बदल्या होतात. ट्रंका, खाटा, कुत्री सगळं जातं, पण कुंड्या मागं राहतात. एका अधिकाऱ्याच्या बायकोचा भाजलेला हात उत्तमनं बरा केला होता. जाताना तिनं त्याला एक कुंडी दिली, गुलाबाच्या फुलासारखी पानांची रचना असलेली, बोटभर उंचीची. दुकानवाले त्याला सक्युलंट म्हणतात. उत्तम त्याला 'कर्नलबाई' म्हणायचा. मग कर्नलबाईची पिल्लं झाली, आणखी बदल्या झाल्या, आणखी कुंड्या आल्या, आणि दहा-बारा वर्षांत त्याच्या गच्चीवर शंभराच्या आसपास कुंड्या जमल्या. प्रत्येकीला बऱ्या झालेल्या कुणातरी पेशंटचं नाव. 'गंगापूरची आत्या', 'ट्रक ड्रायव्हर', 'हवालदार'. एका काटेरी गोळ्याला तोंडानं फटकळ असलेल्या माझ्या वडिलांचं नाव होतं. प्रत्येक कुंडीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावलेली आणि तिच्यावर बॉलपेननं तारीख. जखमेच्या पट्टीवर ती शेवटची कधी बदलली ते लिहितात, तसं कुंडीवर शेवटचं पाणी कधी दिलं ते.

मला त्यानं पहिल्यांदा दोन झाडं दिली, ती मी महिन्याच्या आत मारली. पुन्हा दिली, पुन्हा मारली. मी शिस्तीचा माणूस. सकाळी चहा झाला की झाडांना पाणी, एक दिवस खाडा नाही. ह्या शिस्तीचा मला अभिमान होता. तिसऱ्यांदा तो घरी आला, कुंडीत बोट घातलं, बोटाचा वास घेतला आणि ते माझ्या नाकाशी धरलं. नासलेल्या भाजीचा वास. "सर, तुमच्याकडं नळ आठ-आठ दिवस येत नाय, अन् तुम्ही ह्यांला रोज पाजता? माणसं कोरडी अन् झाडं पाण्यात!" मी म्हणालो, "पानं तर चांगली टम्म दिसत होती." त्यावर त्यानं मला जे समजावलं ते वर्गात समजावल्यासारखंच होतं. तहानलेलं झाड सुरकुततं, पण पान हाताला घट्ट लागतं. सडायला लागलेलं झाड आधी टम्म दिसतं, पान काचेसारखं पारदर्शक होतं, आणि बोट लावलं की गळून हातात येतं. तोवर खाली देठ काळा पडलेला असतो. "म्हणजे मरायला लागलं की तब्येत सुधारते?" मी विचारलं. "दोन दिवस," तो म्हणाला. "मग एकदम बसतं."

त्यानं माझ्यादेखत ते झाड वाचवलं. दाढीचं ब्लेड स्पिरिटनं पुसलं, काळी, गिळगिळीत मुळं कापली, मग देठाची चकती, मग आणखी एक चकती. प्रत्येक कापाला ब्लेड पुन्हा पुसलं. आत तपकिरी ठिपका दिसतोय तोवर कापत राहायचं. दया आली की संपलं, कारण ठेवलेला ठिपका वर चढतो. स्वच्छ, फिकट हिरवा छेद दिसला तेव्हा तो थांबला. छेदाला चिमूटभर हळद लावली आणि झाड सावलीत कागदावर ठेवलं. चार-पाच दिवसांनी छेदावर खपली धरली की मग ते लावायचं. जाड वाळू, विटेचा चुरा, थोडा कोळसा आणि नावाला माती. कुंडीला खाली भोक हवंच, खाली बशी नको. आणि लावल्यावरही आठवडाभर पाणी नाही. पुढं पाणी द्यायच्या आधी अगरबत्तीची विझलेली काडी मातीत खोल खुपसायची. काडीला माती चिकटून आली तर तसंच परत फिरायचं. मी वहीत सगळं लिहून घेतलं. त्यानं वहीकडं बघितलं आणि म्हणाला, "सगळं लिहिलंत, पण मेन राहिलं. काही करायचं नाय, हे लिहा. माणसाला तेवढंच जमत नाय."

आता त्या रविवारबद्दल लिहायला हवं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं. तो दिवसभर गावाकडं आईला भेटायला गेला होता आणि परतताना माझ्याकडं उतरला, कारण माझं जेड पावसात राहून बसलं होतं आणि मी फोनवर रडगाणं गायलं होतं. ओट्यावर बसून त्यानं झाड साफ केलं. मधेच दोनदा थांबला, डावा हात छातीवर ठेवून चोळला. मी विचारलं, काय झालं. "जळजळतंय जरा. सकाळपास्नं." मी म्हणालो, "आईच्या हातची भाकरी दिसली की तुला भान राहत नाही. वहिनींना सांगतो, उद्या उपास घडवा ह्याला." तो हसला. मीही हसलो. घाम आला होता त्याला, पण श्रावणाच्या तोंडावर दमट हवेत घाम कुणाला येत नाही? लोकांच्या पायाच्या बोटाची काळी पडू लागलेली कड त्याला खोलीच्या दारातून दिसायची. स्वतःच्या छातीवर हात ठेवून तो माझ्या झाडाच्या मुळाकडं बघत होता, आणि मी त्याच्याकडं बघून विनोद करत होतो. गेल्या दीड महिन्यात असा एक दिवस गेला नाही की मला ते माझं हसणं ऐकू आलं नाही. स्कूटरवर घालून त्याला दवाखान्यात नेलं असतं तर... पण नेलं नाही. जाताना त्यानं ओट्यावरची सांडलेली मातीसुद्धा झाडून घेतली.

बुधवारी दुपारपर्यंत माणसं जमली. त्यानं बऱ्या केलेल्या पायांनी चालत आलेली माणसं, गल्ली भरली. आणि पाऊस आला. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्या बाया भिजतायत, काहीतरी बांधा. मी गच्चीवर गेलो. पावसाळ्यात कुंड्यांवर उत्तम जाड प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधत असे. मी त्याच्या दोऱ्या सोडल्या, कागद खाली आणला आणि चौघांनी मिळून तो दारापुढं बांधला. सगळ्या दिवसात मी केलेलं हे एकच उपयोगाचं काम होतं आणि मला त्याचं बरंही वाटलं. संध्याकाळी फुलंब्रीकडून जीपनं त्याची आई आली. ती त्या प्लॅस्टिकखालून वाकून आत गेली. ऐंशीच्या घरातली, काटकुळी बाई. रडली नाही. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत एकसारखं म्हणत राहिली, "उठ रं. उठ रं बाबा." तो कागद पुढं कुणी घडी करून कुठं ठेवला, मला आजही माहीत नाही. तो परत वर बांधायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

गुरुवारी झाड लावायचं राहिलं. आठ-दहा दिवसांनी मी ते एकट्यानं लावलं. अजून नवं पान आलेलं नाही, जुनं गळलेलंही नाही.

दहावा झाला, उत्तमची मुलगी पुण्याला परत गेली, नातेवाईक पांगले. आई मात्र राहिली. सुनेला एकटं कसं सोडायचं, म्हणाली. मी एक दिवसाआड जात होतो. बँकेची, पेन्शनची कागदपत्रं असतात, ती कामं माझ्याकडं होती. एकदा असाच सकाळी लवकर गेलो तर सुनंदावहिनी स्वयंपाकघरात कपाळाला हात लावून बसलेल्या. त्यांनी नुसतं वर बोट केलं. गच्चीवर गेलो. आई तांब्या घेऊन एकेका कुंडीपाशी वाकत होती. ओंजळभर ह्या कुंडीत, ओंजळभर त्या कुंडीत. तांब्या रिकामा झाला की ड्रममधून भरून घ्यायची. मला बघून म्हणाली, "या मास्तर. लेकरं तहानली व्हती सारी. इतके दिस कुनी बघितलंच नाय त्यांच्याकडं." तिचे गुडघे दुखतात. एकेका कुंडीपाशी वाकायला आणि उठायला तिला किती वेळ लागत होता ते मी बघितलं. चिकटपट्ट्यांवरच्या तारखा पाण्यानं पुसून निळे डाग झाले होते.

मी म्हणालो, "माय, ह्या झाडांना रोज पाणी लागत नाही." ती वर न बघता म्हणाली, "मुक्या जीवाला पाजल्याबिगर आपुन तोंड वलं करू नये, मास्तर. मी मेंढरामागं जलम काढला. दुष्काळात टँकर आला तर पयलं मेंढराला, मंग पोरांला, मंग आपल्याला." मी म्हणालो, "पण जास्त पाण्यानं ही मरतात." तेव्हा तिनं वर बघितलं. रागानं नाही, कीव आल्यासारखं. "पान्यानं कुटं कुनी मरतं का? पान्याबिगर मरत्यात. म्या डोळ्यानं बघितल्यात." मी तीस वर्षं पोरांना भूमिती पटवून दिली. त्या गच्चीवरून मात्र मी खाली आलो.

सुनंदावहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच सांगा हो त्यांना. मी सून. मी बोलले तर त्यांना वाटंल, माझ्या लेकाच्या झाडाला पाणी बी घालू देईना. अन् ही झाडं गेली तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते मला कळलं होतं. त्या घरात उत्तमच्या हातचं जे काही जिवंत उरलं होतं ते गच्चीवर होतं. झाडं वाचवायची तर एका आईच्या हातातून तांब्या काढून घ्यायचा होता, आणि ते काम त्या माझ्यावर टाकत होत्या, कारण त्यांना ते शक्य नव्हतं. मला तरी कुठं शक्य होतं? त्यानंतर त्या कामासाठी मी तीनदा गच्चीकडं गेलो. एकदा आईला सांगायला वर गेलो आणि तिच्यासाठी ड्रममधून तांब्या भरून देऊन खाली आलो. एकदा गुपचूप कुंड्या भिंतीच्या आडोशाला सरकवून आलो, तर दुसऱ्या दिवशी तिनं त्या पुन्हा बाहेर मांडल्या, ऊन लागावं म्हणून. एकदा तर जिन्यापर्यंतच गेलो. वरून तिचा आवाज येत होता. ती कुंड्यांशी बोलत होती, "पी, पी बाबा, सावकास पी." त्यात रोज पाऊस. प्लॅस्टिकची आठवण मला तेव्हा झाली आणि मी नवा कागद आणून बांधला, पण तोवर तीन आठवडे झाले होते.

झाडं दोन दिवस फार छान दिसली. टम्म, चकाकणारी. सुनंदावहिनी म्हणाल्यासुद्धा, "बघा, सुधारली." मला ती टवटवी बघवेना. मग ती एकेक करून बसायला लागली. कर्नलबाईच्या पानांना बोट लावलं तर सगळीच्या सगळी माझ्या तळहातावर आली, मधे नुसता काळा देठ उरला. गंगापूरची आत्या बुंध्यातून कलली होती. वडिलांच्या नावाचा काटेरी गोळा वरून ठणठणीत आणि खालून लिबलिबीत. कुंड्यांतून तोच वास. एका रविवारी आई नात्यातल्या कुणाकडं जाणार होती असं कळलं, म्हणून मी ब्लेडची पाकिटं, स्पिरिट, हळद आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन सकाळीच गच्चीवर जाऊन बसलो. उत्तमचे हात दोन मिनिटांत जे करायचे त्याला मला पाच-सहा मिनिटं लागत होती. छेद घ्यायचा, बघायचा, अजून ठिपका आहे, पुन्हा छेद. काही झाडं कापता कापता संपूनच गेली. वरपर्यंत ठिपका चढलेला होता. त्यांची एखाददुसरी शाबूत पानं वेगळी ठेवली, पानातूनही पिल्लू येतं म्हणून. मला दर वेळी वाटायचं, इथं थांबावं, एवढा ठिपका चालेल. आणि दर वेळी त्याचा आवाज आठवायचा, दया आली की संपलं. अकरा वाजेपर्यंत कागदावर तीसेक झाडं निजवून झाली होती, बिनमुळांची, हळद लावलेली. माझे हात पिवळे आणि घाण वासाचे झाले होते.

जिन्यात चाहूल लागली. आई गेलीच नव्हती; गुडघे दुखतात म्हणून राहिली होती. ती वर आली आणि कागदावरच्या झाडांकडं बघत उभी राहिली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली नाही. खाली बसली, कापून टाकलेल्या मुळांच्या ढिगातून एक मूळ उचललं, दोन बोटांत चुरगाळलं, वास घेतला. अगदी उत्तम घ्यायचा तसा.

"ह्ये तर खूर सडल्यावानी झालंय," ती म्हणाली.

मी विचारलं, म्हणजे काय. तिनं सांगितलं. पावसाळ्यात मेंढरं चिखलात उभी राहिली की त्यांचे खूर आतून सडतात. वरून कळत नाही, मेंढरू चरतंही. मग एक दिवस लंगडतं, मग बसतं. तेव्हा सडका भाग तासून काढायचा, आणि खपली धरेपर्यंत त्याला ओल्यात पाय टाकू द्यायचा नाही. तिच्या नवऱ्यानं असे किती खूर तासले होते आणि लहानगा उत्तम ते मेंढरू धरून बसायचा. तिला सगळं ठाऊक होतं. मी महिनाभर भूमिती शिकवायला निघालो होतो, आणि तिला मुळं दाखवायची एवढं मला सुचलं नव्हतं. मी जरा खूष झालो असेन, माझा स्वभावच तसा आहे, उत्तर जुळलं की बरं वाटतं. तेवढ्यात तिनं विचारलं,

"मंग ह्यांला वल्यात कुनी उभं केलं?"

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. पावसाचं नाव घ्यायला हवं होतं, कुणाचंही. दोन-तीन क्षणच गेले असतील. तिनं हातातलं मूळ खाली ठेवलं.

"म्याच," ती म्हणाली.

"माय, प्लॅस्टिक मी काढलं होतं," मी घाईनं म्हणालो. "पाऊस आत आला, तो माझ्यामुळं. परत बांधायचं मी विसरलो." तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. ती कागदावरच्या झाडांकडं बघत होती. मग हळूहळू बोलायला लागली, माझ्याशी असं नाहीच. "रयवारी आला व्हता. आल्या आल्या म्हनला, माय, छातीत जळजळतंय. म्या ववा दिला. कोमट पानी दिलं. म्हनलं, पित्त असंल, पड जरा. डोस्क्याला तेल लावलं. झोपला गुमान, लहान असताना झोपायचा तसा. उठल्यावर म्हनला, आता बरं वाटतंय... बरं वाटतंय म्हनून गेला वो मास्तर. म्या कुनाला बोलले नाय. सुनंदालाबी नाय." तिनं पदर तोंडाशी धरला. "मला जे येतं ते म्या केलं. तवाबी तेच, अन् आताबी तेच."

मी म्हणालो, "माय, तो माझ्याकडंही आला होता. संध्याकाळी. छाती चोळत होता. मी चेष्टा केली त्याची. भाकरी जास्त खाल्ली म्हणालो."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आईनं माझ्याकडं बघितलं. "तुमी बी?" एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, तिचं ओझं हलकं होईल, निदान माझं तरी. तसं काही झालं नाही. आम्ही दोघं त्या झाडांच्या दोन बाजूंना बसून राहिलो. खाली सुनंदावहिनींच्या कुकरची शिटी झाली, दुसरी झाली. त्यांना हे सांगावं का, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही. इथं लिहितोय म्हणजे आता त्या वाचतील. वहिनी, तुमच्यापाशी येऊन बोलायची हिंमत झाली नाही.

पुढच्या शुक्रवारी आम्ही झाडं लावली. आईनं विटा फोडून चुरा केला. हातोडी मला धरू दिली नाही. तीसपैकी खपली धरली ती एकोणीस झाडांनी. त्यातली किती मूळ धरतील ते सांगता येत नाही. मी रोज सकाळी जातो आणि कुंड्यांत बघतो. वरून काही कळत नाही. उपटून बघण्याचा मोह होतो, पण उपटलं तर धरलेलं मूळही तुटेल. ऐंशीच्या आसपास कुंड्या रिकाम्या झाल्या, त्या सुनंदावहिनींनी धुऊन भिंतीला उपड्या लावून ठेवल्या आहेत. कर्नलबाईचं एक पान ओलसर वाळूवर ठेवलंय. त्याच्या टोकाला गुलाबी दोऱ्यासारखं काहीतरी दिसतंय, असं मला परवा वाटलं. काल वाटलं नाही.

आई अजून रोज सकाळी गच्चीवर येते. तांब्या भरून आणते. मी कुंडीत अगरबत्तीची काडी खुपसून काढतो, ती काडीकडं बघते आणि विचारते, "आज?" मी म्हणतो, "आज नाही, माय." "मंग कवा?" "सांगतो." ती कुंड्यांपाशी बसून राहते, तांब्या मांडीवर. ऊन चढलं की उठते आणि तांब्या तसाच भरलेला घेऊन खाली निघते. जिना अरुंद आहे, पायऱ्या उंच, तिचे गुडघे असे. आज मी हात पुढं केला, म्हणालो, "द्या माय, मी नेतो. नाहीतर ठेवा ना इथंच, उद्या पुन्हा आणायचाच आहे."

तिनं तांब्या पोटाशी धरला. "ऱ्हाऊ द्या, मास्तर," ती म्हणाली. "येवढं तरी मला करू द्या."

आणि एकेका पायरीवर थांबत, पाणी सांडू न देता, ती खाली उतरत गेली. मी मागं उभा होतो.